उद्यमबागेतील जॉबवर्क आणि पेट्रोलच्या वाफेवर चालणारे छोटे इंजिन

बेळगावच्या उद्यमबागेत पंप, व्हॉल्व्ह आणि मोटारींचे सुटे भाग ओतणाऱ्या फाउंड्र्या पुष्कळ आहेत आणि त्या ओतीव भागांवर मशिनिंग करून देणारी छोटी वर्कशॉप्स त्याहून अधिक आहेत. परंतु शंभर-दोनशे नगांची ऑर्डर नसताना, हाताने काढलेले ड्रॉइंग घेऊन एकच सिलिंडर, एकच पिस्टन आणि एकच क्रँकशाफ्ट करून मागणाऱ्या माणसाला दारात उभे करणारे वर्कशॉप मात्र शोधावे लागते. मला ते खानापूर रस्त्याने तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढे गेल्यावर, उद्यमबागेच्या आतल्या रस्त्यावर मिळाले. पुढे काही तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. तरीही त्यांनी केलेल्या कामाचे, आणि विशेषतः इंजिनाला पेट्रोलची वाफ पुरवणाऱ्या, त्यांनी बनवून दिलेल्या टाकीचे परीक्षण सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण खानापूर, निपाणी, चिकोडीकडील अनेक छंदी मंडळी आणि पदविका अभ्यासक्रमाचे विद्यार्थी असे प्रकल्प हाती घेतात आणि कोणाकडून काय करून घ्यावे याची नेमकी माहिती त्यांना मिळत नाही.

काम असे होते. २४ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ३० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे साडेतेरा सीसीच्या आसपास क्षमतेचे, आडव्या सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन. दोन्ही बाजूंना फ्लायव्हील, सिलिंडरभोवती पाण्याचे उघडे भांडे, पिस्टनच्या ओढीनेच उघडणारा इनलेट व्हॉल्व्ह, मोपेडचा स्पार्क प्लग, आणि कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेले. या इंजिनाला नेहमीचा कार्ब्युरेटर लावायचा नव्हता. द्रव पेट्रोलचा फवारा न करता, पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा ओढून, त्या हवेत मिसळलेल्या वाफेवरच ते चालवायचे होते.

ही कल्पना नवी नाही. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्या इंजिनाला इंधन मिळत होते ते अशाच बाष्पीभवनाच्या भांड्यातून. फवाऱ्याचा कार्ब्युरेटर विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ च्या सुमारास आणला. मधल्या काळात, १८८८ च्या ऑगस्टमध्ये, बर्टा बेंझ याच प्रकारची गाडी घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या आणि वाटेत विसलोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन हे हलके इंधन विकत घेतले. वर्कशॉपच्या मालकांनी माझे ड्रॉइंग उलगडून पाहिले तेव्हा त्यांनी आधी विषय काढला तो लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. लक्ष्मणरावांनी त्याच १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानाने उद्योगाला आरंभ केला, पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये ते औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीला गेले. हा इतिहास येथील जुन्या कारागिरांना तोंडपाठ आहे आणि त्याचा त्यांना खरा अभिमान आहे. एकाच नगाचे हे काम मालकांनी पत्करले, त्यामागे हा अभिमान होता असे मी मानतो. त्यातून त्यांना फारसा नफा सुटण्यासारखा नव्हता.

आता ओतकामाकडे येतो. सिलिंडर आणि फ्लायव्हील यांचे ओतकाम वर्कशॉपने स्वतः केले नाही; आपल्या ओळखीच्या फाउंड्रीत, दुसऱ्या मोठ्या कामाच्या ओतणीसोबत करून घेतले. सागवानी पॅटर्न, म्हणजे वाळूचा साचा करण्यासाठी लागणारा लाकडी नमुना, मी दिला होता. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते आणि मशिनिंगसाठी वर दोन-अडीच मिलिमीटर माल ठेवावा लागतो. हे दोन्ही पॅटर्नमध्ये धरले आहे ना, याची वर्कशॉपच्या मिस्त्रींनी स्वतः फूटपट्टी लावून खात्री केली आणि मगच पॅटर्न पुढे पाठवला. फ्लायव्हील उत्तम आले. सिलिंडरच्या बाबतीत मात्र दोष निघाला. त्याची फ्लँज (जोडणीसाठी बाहेर काढलेली कड) जेथे पातळ होती तेथे वाळूच्या साच्यात धातू फार लवकर थंड झाला, त्यातील कार्बनचा ग्राफाइट न होता लोखंडाशी बांधलेले कठीण कार्बाइड तयार झाले, आणि ड्रिल त्यावर नुसते किंचाळत घासत राहिले. कडेचा एक तुकडा तोडून पाहिला तर बिडाच्या नेहमीच्या राखाडी दाण्याऐवजी तेथे चकचकीत पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. असा नग बाजूला ठेवून नवा ओतायला हवा, हे त्या वेळीच मान्य व्हायला हवे होते. प्रत्यक्षात कार्बाइडच्या टूलने रेटून पाहण्यात बराच वेळ गेला, आणि फ्लँज जाड करून दुसरा नग ओतायला पुढच्या ओतणीची वाट पाहावी लागली. दुसऱ्या नगाच्या ओतकामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, हे नोंदवले पाहिजे. परंतु मोडलेल्या टूलचा खर्च बिलात दिसला, आणि तो माझ्याकडून घेणे योग्य नव्हते असे माझे आजही मत आहे.

लेथचे आणि होनिंगचे (बोअर आतून घासून गुळगुळीत करण्याचे) काम निर्दोष आहे. बोअरच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये डायल बोअर गेज फिरवून पाहिले असता फरक एक शतांश मिलिमीटरच्या आत राहिला. बिडाचाच पिस्टन, त्याच्या रिंगा, गनमेटलचे बुश, क्रँकशाफ्टचा ताळमेळ यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही; जे सांगितले ते त्यांनी ड्रॉइंगप्रमाणे केले. प्लग काढून भोकावर अंगठा दाबला आणि फ्लायव्हील हाताने फिरवले, तर अंगठा उडतो, इतके कॉम्प्रेशन पहिल्याच जोडणीत मिळाले.

या वर्कशॉपचे खरे मोल कळले ते वाफेच्या टाकीच्या कामात, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

टाकी म्हणजे ६० मिलिमीटर व्यासाचे पितळी नळकांडे, उंची ९० मिलिमीटर, आत जेमतेम अडीच सेंटिमीटर पेट्रोल. झाकणातून एक नळी आत उतरते आणि पेट्रोलच्या पातळीच्या थोडी वर संपते. तिच्यातून आलेली हवा पृष्ठभागावरून सरकते, मधल्या आडव्या पत्र्याला वळसा घालते आणि दुसऱ्या नळीतून इंजिनाकडे जाते. ऐकायला हे सोपे वाटते. अडचण अशी आहे की बंद भांड्यात पेट्रोलवर साठलेली वाफ इतकी दाट असते की ती पेटतच नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच ज्वलन होते आणि इंजिनाला लागते ते प्रमाण आकारमानाने दोन टक्क्यांच्या आसपास असते. आपल्याकडच्या तापमानाला ताज्या पेट्रोलवरील स्थिर हवेत वाफेचे प्रमाण याच्या अनेक पट असते. त्यामुळे टाकीतून येणाऱ्या दाट मिश्रणात वाटेत पुष्कळ साधी हवा मिसळावी लागते, आणि ती अगदी हलक्या हाताने कमी-जास्त करता आली पाहिजे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी भरतो, पेट्रोलच्या वाफेचा दाब मात्र तापमानावरच ठरतो. म्हणजे येथे मिश्रण आणखी थोडे दाट होते, हेही लक्षात घ्यावे लागते.

माझ्या ड्रॉइंगमध्ये साध्या हवेसाठी एक भोक आणि त्यावर सरकणारी पट्टी होती. मिस्त्रींनी ती पाहिली आणि म्हणाले, "सर, ही पट्टी हादऱ्यानं सरकतीय बघा. बाहेरून फिरणारी रिंग करूया की, बारीक आट्याची." त्यांनी पितळी नळीवर बारीक आटे पाडून एक रिंग बसवली, ती फिरवली की तिरके कापलेले तोंड केसभर उघडते किंवा मिटते. आज इंजिन ज्या सफाईने चालते त्याचे निम्म्याहून अधिक श्रेय या रिंगेला आहे. पूर्ण फेऱ्याच्या अष्टमांशाने ती फिरवली तरी आवाजात फरक जाणवतो: दाट मिश्रणावर चार ठोक्यांतला एखादा ठोका चुकतो आणि धुराला उग्र वास येतो, विरळ मिश्रणावर इनलेटच्या तोंडाशी फट् असा उलट आवाज होतो.

हा उलटा आवाज म्हणजे ज्योत मागे फिरल्याचे चिन्ह आहे, आणि वाफेच्या टाकीतला सर्वांत मोठा धोका तोच आहे. टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये बारीक पितळी जाळीचे थर घालण्याची पद्धत हम्फ्री डेव्ही यांच्या १८१५ च्या खाणकामगारांच्या दिव्यातील तत्त्वावर आधारलेली आहे: जाळीतून जाताना ज्योतीची उष्णता धातू शोषून घेतो आणि ज्योत पलीकडे पोहोचत नाही. परंतु जाळीच्या कडेला जरा जरी फट राहिली तरी सगळी जाळी व्यर्थ ठरते. मिस्त्रींनी जाळीच्या चकत्या कापून रिंगेत दाबून बसवल्या, मग वर्कशॉपचा दिवा बंद करून नळीच्या एका टोकाला टॉर्च धरली आणि दुसऱ्या टोकाने पाहिले. जाळीतून येणारा मंद उजेड सर्वत्र सारखा होता, परंतु डाव्या कडेला उजेडाची बारीक चंद्रकोर दिसत होती. त्यांनी काहीही न बोलता जाळी काढून टाकली आणि नव्या चकत्या थोड्या मोठ्या कापून पुन्हा बसवल्या. ते बिलात कुठेही आले नाही. टाकीचे झाकणही त्यांनी आट्यांचे न करता हलक्या स्प्रिंगने दाबून धरलेले केले आहे, म्हणजे कधी आत ज्योत पोहोचलीच तर टाकी फुटण्याऐवजी झाकण उचलले जाईल. काचेची बरणी वापरण्याचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा. आत काय चालले आहे ते दिसण्याचा मोह काचेच्या उडालेल्या तुकड्यांपुढे क्षुल्लक आहे.

एक काम त्यांनी स्पष्ट नाकारले. वाफ होताना पेट्रोल स्वतःची उष्णता गमावते आणि माठातल्या पाण्यासारखे गार होत जाते. गार झाले की वाफ कमी निघते आणि इंजिन विरळ मिश्रणावर अडखळू लागते. म्हणून टाकीभोवती सायलेन्सरची नळी गुंडाळून ऊब द्यावी, असे माझ्या ड्रॉइंगमध्ये होते. पेट्रोल साधारण २५० ते २८० अंश सेल्सिअसला ठिणगीशिवायही पेट घेते आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी नळी त्याहून तापू शकते, हे लक्षात घेता मिस्त्रींचा नकार पूर्ण योग्य होता. "सायलेन्सर नको ओ सर. इंजिनातलंच कोमट पाणी खाली ताटलीत सोडा, तेवढी ऊब बास होतीय," असे त्यांनी सांगितले, आणि सिलिंडरच्या पाण्याच्या भांड्याला एक छोटा कॉक लावून त्याखाली उथळ तबकडीची सोय करून दिली. पाणी कितीही तापले तरी शंभर अंशांपुढे जात नाही आणि तबकडीत ते कोमटच राहते. या एका बदलाने इंजिन दीर्घकाळ एकाच गतीने चालू लागले. ज्याला ड्रॉइंगपलीकडचे दिसते आणि जो ते तोंडावर सांगतो, असा कारागीर मिळणे ही या वर्कशॉपकडे जाण्याची सर्वांत मोठी कमाई आहे.

पावसाळ्यातील चाचणीत आणखी एक गोष्ट समोर आली. बेळगावच्या श्रावणात हवा ओलीच असते. ती गार टाकीवरून जाते तेव्हा बाहेरच्या पितळेवर दवाचे थेंब धरतात आणि आत ओढलेल्या हवेतील ओलावाही पाणी होऊन थंड पेट्रोलवर उतरतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हे पाणी आपल्यात सामावून घेते. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. मिस्त्रींनी टाकीच्या तळाला काढलेला कॉक तेव्हा उपयोगी पडला: तो उघडला की आधी गढूळ, पाणचट थर येतो आणि मग स्वच्छ पेट्रोल. बेळगाव जिल्ह्यातील ऊस, साखर कारखाने आणि त्यांना जोडलेल्या डिस्टिलऱ्या यांच्याशी ज्याचा रोजचा संबंध येतो त्याला इथेनॉल परके नाही. परंतु वाफेच्या टाकीसाठी ते सोयीचे नाही. इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, त्यामुळे टाकी अधिक गार पडते. एक किलो इथेनॉलला ज्वलनासाठी सुमारे ९ किलो हवा पुरते तर पेट्रोलला सुमारे १४.७ किलो लागते, त्यामुळे हवेची रिंग पुन्हा लावावी लागते. आणि साध्या रबरी नळ्या त्यात फुगतात. वर्कशॉपने दिलेली रबरी नळी अशीच फुगली आणि जोडापाशी सैल झाली. नळी कोणत्या मालाची आहे हे त्यांनी आधी विचारायला हवे होते, कारण गळतीच्या ठिकाणी पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत साठून राहते.

पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचे मिश्रण आहे. ते सुमारे ३० ते २१० अंशांच्या टप्प्यात उकळते. वाफेच्या टाकीत हलके भाग आधी उडून जातात आणि जड भाग मागे राहतात. म्हणून सुरुवातीला रिंग बरीच उघडी ठेवावी लागते, पुढे ती हळूहळू मिटत न्यावी लागते, आणि शेवटी टाकीत पेट्रोल दिसत असूनही इंजिन थांबते. त्या उरलेल्या पेट्रोलवर ताजे ओतण्यापेक्षा ते काढून भाग धुण्यासाठी वापरणे चांगले. टाकीच्या रचनेचा हा दोष नव्हे. वाफेवर चालणाऱ्या प्रत्येक इंजिनाला ही मर्यादा आहे, आणि फवाऱ्याचा कार्ब्युरेटर येताच मोटारींनी बाष्पीभवनाचे भांडे का सोडले हे या छोट्या टाकीसमोर बसल्यावर स्वच्छ कळते.

वर्कशॉपमध्ये चाचणी सुरू असताना आजूबाजूचे टर्नर, फिटर जमले आणि प्रत्येकाने ॲव्हरेज विचारले. वाफेवर गाडी चालवली तर एका लिटरमध्ये शंभर-दीडशे किलोमीटर जाते, अशी समजूत सर्वत्र आहे. चार्ल्स नेल्सन पोग या कॅनडातील संशोधकाने १९३० च्या दशकात वाफेच्या कार्ब्युरेटरची पेटंटे घेतली आणि त्याविषयी गॅलनला २०० मैलांचे दावे पसरले, त्यातून या समजुतीला बळ मिळाले. पण एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, आणि त्याची वाफ केल्याने ती वाढत नाही. आजच्या चांगल्या इंजिनात जवळपास सगळे पेट्रोल जळतेच. गाडी चालवण्यात न लागलेली बाकीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सायलेन्सर आणि रेडिएटर यांतून जाते, ती वाफ करून परत मिळवता येत नाही. मोटारसायकलला अशी टाकी लावून देण्याची विचारणा वर्कशॉपकडे होत असते, आणि मालक ती नाकारतात. हे त्यांच्या बाजूने मी आवर्जून नोंदवतो.

खर्चाचे म्हणाल तर ओतकाम, मशिनिंग आणि टाकी मिळून बिल १४,००० रुपयांच्या आसपास झाले. स्पार्क प्लग, कॉईल आणि पॉइंट माझे होते. एका नगाच्या कामाला हा दर वाजवी आहे. मात्र दर तोंडी सांगितला जातो आणि काम पुढे सरकते तसा तो थोडा थोडा वाढतो. वेळेच्या बाबतीत तर अजिबात विसंबू नये. मोठ्या गिऱ्हाईकांची ऑर्डर आली की एकट्या नगाचे काम बाकड्याखाली जाते, आणि गणेशोत्सवाच्या काळात बेळगावात लेथ चालू राहण्याची अपेक्षाच धरू नये. फोन केला तर "होतंय की, उद्या या" असे उत्तर मिळते. प्रत्यक्ष जाऊन उभे राहिले तरच काम पुढे जाते.

काम देताना ड्रॉइंगची एक प्रत त्यांच्याकडे आणि एक आपल्याकडे सही करून ठेवावी, प्रत्येक भागाचा दर वेगळा लिहून घ्यावा, पातळ फ्लँज असेल तर ती ओतण्याआधीच जाड करून घ्यावी, आणि इंधनाच्या नळ्या मोटारींच्या चांगल्या दुकानातून इथेनॉलला टिकणाऱ्या मालाच्या स्वतः आणाव्यात. चाचणी उघड्यावर, जमिनीपासून वर बाकावर घ्यावी आणि पेट्रोलचा मुख्य डबा तेथून दूर ठेवावा; वर्कशॉपच्या आत, वेल्डिंग चालू असताना चाचणी घेऊ द्या असा आग्रह कोणी धरला तर मिस्त्री मशीन बंद करून बाहेर पाठवतात. ज्यांना आठवड्यात काम हवे आहे त्यांनी तेथे जाऊ नये. ज्यांच्याजवळ वेळ आहे आणि ज्यांना आपले ड्रॉइंग कोणीतरी मन लावून वाचावे असे वाटते, त्यांनी तिसऱ्या गेटच्या पुढे हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात एकट्या नगाचे काम कोण करतो असे विचारावे. पत्ता लगेच सांगतात. माझ्या पुढच्या इंजिनाच्या सिलिंडरचा पॅटर्न मी तेथेच दिला आहे, आणि या वेळी फ्लँजची जाडी मिस्त्रींनी स्वतःच लाल पेन्सिलीने वाढवून लिहिली आहे.